एका पान्याचे काम

आमच्या वेधशाळेपासून दोनशे फुटांवर दिवाळीआधी हायमास्ट उभा राहिला. सहा फ्लडलाइट, सगळ्यांच्या माना वर. छत सरकवले की आठ इंची डॉब दुर्बिणीच्या नळीतल्या काळ्या रंगावरचे ब्रशचे फटकारे मोजता येतात. सातवीच्या मुलांना देवयानी दीर्घिका दाखवायची, तर ‘तिरपी नजर ठेव’ सांगून सांगून घसा बसतो आणि शेवटी पोरे आपली मन राखायला ‘दिसली’ म्हणतात.

ऑनलाइन तक्रार करायला गेलो. पर्याय तीनच: दिवा बंद, दिवा लुकलुकतो, खांब वाकला. नाइलाजाने ‘दिवा बंद’ निवडून खाली खरा मजकूर लिहिला. चौथ्या दिवशी उत्तर आले: ‘पाहणी केली. दिवा सुरू आहे. तक्रार निकाली.’ सोबत पुराव्याचा फोटो! मग लेखी अर्ज घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, ‘तुम्हाला अंधार हवाय, बायाबापड्यांनी काय करायचं?’ अहो, अंधार मागतोय कोण? फ्लडलाइटची काच जमिनीला समांतर करा, आज आभाळात जाणारा उजेड त्याच बायाबापड्यांच्या पायाखाली पडेल. एका पान्याचे काम. त्यालाही म्हणे अंदाजपत्रकात तरतूद नाही.

सोडियम दिव्यांच्या काळात दुर्बिणीला फिल्टर लावून थोडेफार भागायचे. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या वर्णपटावर पसरलेला. फिल्टर गाळणार तरी काय? महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला, तोही आसपासच्या गावांतले दिवे बदलूनच. म्हणजे याच राज्यात हे जमते.

आपले सभासदही काही कमी नाहीत. मागच्या दोन अंकांत आकाशाचा उजळपणा मोजणाऱ्या मीटरची, एसक्यूएमची, वाचने मागितली. आली काय, तर रात्रभर स्टॅक केलेल्या तेजोमेघांची छायाचित्रे. सुंदर आहेत, छापूही. पण अर्जात ‘आकाश खराब झाले’ एवढ्याने कोणी हलत नाही. हायमास्टआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दीड प्रतीचा फरक म्हणजे आकाश चौपट उजळ, हे कारकुनालाही कळते.

तेव्हा येत्या अमावस्येला प्रत्येक केंद्राने, सूर्यास्तानंतर दोन तासांनी, मीटर खमध्याकडे धरून पाच वाचने घ्यावीत. पहिले सोडून द्यावे, बाकीच्यांची सरासरी काढावी. जवळच्या दिव्याचा बाजूने काढलेला फोटो जोडावा, झुकाव दिसला पाहिजे. सगळे एकत्र करून एकच निवेदन जाईल. सुटे अर्ज आता बास.

मीटर नसेल तर आमचा कुरियरने पाठवतो. परत पाठवताना मात्र सेल काढून पाठवा, मागच्या वेळी आत फुटला होता.