जुन्या मोटारीचे प्रगतिपुस्तक

सांगलीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची लेक, जावई आणि दोन नातवंडे इंग्लंडात लेस्टरला असतात. तिथे बारा वर्षांची जुनी टोयोटा प्रियस घ्यायचे चालले आहे. त्या लिहितात, "जावई म्हणतात, गाडी 'एमओटी' पास आहे, काळजी करू नका. पण पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी, त्यातून जुनी, आणि मागे नातवंडं बसायची. पास म्हणजे नक्की काय हो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. शिवाय हायब्रिड मोटारी आता आपल्या गावांतूनही दिसू लागल्या आहेत. म्हणून उत्तर सर्वच मैत्रिणींसाठी देते.

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींची ही सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. त्या वेळच्या वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे 'एमओटी'. प्रथम ती दहा वर्षांपुढच्या गाड्यांनाच होती. १९६७ पासून गाडी तीन वर्षांची झाली की तपासणी सुरू होते (उत्तर आयर्लंडात चार वर्षांनी), आणि मग दरवर्षी करावी लागते. दिवे, ब्रेक, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट, वायपर, गाडीचा सांगाडा गंजला आहे का, हे सगळे त्यात पाहतात.

पण बरं का, इंजिन आणि गिअरबॉक्स यांची प्रकृती त्यात पाहत नाहीत. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीत दम किती उरला आहे, तेही मोजत नाहीत. म्हणजे सर्वांत महागडी वस्तूच अभ्यासक्रमाबाहेर! 'पास' याचा अर्थ इतकाच, की तपासणीच्या दिवशी गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी होती. पुढचे वर्षभर ती तशीच राहील, अशी हमी कोणी दिलेली नसते.

आता गाड्या नापास कशाने होतात ते पाहू. तुम्हाला वाटेल, काहीतरी मोठा बिघाड होत असेल. तसे नाही. गेलेला बल्ब, झिजलेला टायर, फाटलेला वायपर, सस्पेन्शनची तुटलेली स्प्रिंग, कमजोर ब्रेक, अशीच कारणे नेहमी पुढे येतात. हायब्रिड गाड्याही त्याला अपवाद नाहीत. विजेच्या भागाची धास्ती आपण उगाच जास्त घेतो, आणि डोळ्यांसमोरचा टायर मात्र बघत नाही!

तरीही हायब्रिडच्या काही खास खोडी आहेत. पहिली ब्रेकची. साधा ब्रेक लावला की आधी विजेची मोटरच गाडीचा वेग खाते आणि त्याची वीज करून बॅटरीत भरते. खऱ्या ब्रेकना काम कमी, म्हणून ते झिजत नाहीत. पण न वापरलेली विळी जशी गंजते, तशा ब्रेकच्या तबकड्या दमट हवेत गंजतात. मग एका बाजूचा ब्रेक अडकतो, दोन्ही चाकांवर सारखा जोर पडत नाही, आणि गाडी नापास होते. आपल्या कोकणातल्या मैत्रिणींनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

दुसरी खोड छोट्या बॅटरीची. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ती उतरते, आणि मोठीत वीज असूनही गाडी ढिम्म हलत नाही.

तिसरी गोष्ट चोरीची. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. जुन्या प्रियसखालून तो कापून नेण्याच्या चोऱ्या ब्रिटनमध्ये फार झाल्या. तो जागेवर नसेल तर गाडी सरळ नापास होते.

मग खरेदी कशाच्या भरवशावर करायची? तिथे एक फार चांगली सोय आहे. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की २००५ पासूनच्या तपासण्यांची नोंद फुकट वाचता येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखीच ती वाचायची. नुसता शेवटचा 'पास' पाहू नका, मागची पाने उलटा. दरवर्षी गाडी किती मैल चालली ते त्यात लिहिलेले असते. आकडा मध्येच खाली आला, तर कोणीतरी मीटर मागे फिरवले आहे, असा संशय घ्यावा. फार भराभर वाढला असेल, तर गाडी भाड्याने चालत होती का ते विचारावे. लंडनमध्ये प्रियस अशा कामाला पुष्कळ वापरल्या गेल्या. 'टायर झिजत आला आहे' असा शेरा दोन-तीन वर्षे तसाच दिसला, तर मालक कसा आहे ते कळलेच! उलट, एका वर्षी नापास होऊन लगेच नीट दुरुस्त झालेली गाडी वाईट मानू नये.

आणि बॅटरीची तपासणी पैसे देण्यापूर्वी वेगळी करून घ्यावी. टोयोटाच्या अधिकृत विक्रेत्यांकडे तिथे 'हायब्रिड हेल्थ चेक' करून मिळतो. त्याचा कागद हातात आल्याशिवाय सौदा पक्का करू नये.

आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तोवर अशी वार्षिक परीक्षा नाही. पीयूसी असते, पण ती फक्त धुराची. ब्रेक-टायर तीत कोणी पाहत नाही. तेव्हा परीक्षक आपणच व्हायचे. महिन्यातून एकदा एवढे करा:

१. संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी गाडीमागे उभे करा आणि ब्रेकचे दिवे व इंडिकेटर लागतात ना, ते पाहा.

२. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, की खाच १.६ मिलिमीटरच उरली. टायर बदलायलाच हवा.

३. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. तिच्यावर शाल, पिशव्या, मुलांची दप्तरे ठेवू नका. धूळ आणि केस साचले तर बॅटरी तापते. जाळी वरून मऊ ब्रशने पुसावी. आतल्या नारिंगी तारांना मात्र चुकूनही हात लावू नये, त्यांत जबर दाबाची वीज असते.

४. गाडी नुसती उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा, आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, दोन-चार वेळा ब्रेक जरा जोराने लावा.

५. समोरच्या फळीवर इशाऱ्याचा दिवा लागून राहिला, तर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नका. त्याच आठवड्यात गाडी दाखवा.

या कामाला सगळे मिळून पंधरा मिनिटे लागतात, फेरफटका वेगळा. 'हे' वेळ नाही म्हणाले, तर तुम्हीच करा. यात पाना-पक्कड हातात धरावी लागत नाही, फक्त लक्ष द्यावे लागते.