कारवीच्या रंगांचं जाकीट

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपत आला, की लोकरीची पिशवी माळ्यावरून खाली उतरते. उघडून बघावं तर काय! कुठे केसाळ मोहेरचा अर्धा गुंडा, कुठे गाठीगाठींची बुक्ले, तर कुठे धाकट्याच्या स्वेटरातून उरलेली ॲक्रिलिक. "हे सगळं एकत्र विणता येईल का हो?" असं पुष्कळजणी विचारतात. येईल की! पण घाई नको. आधी माझी फजिती ऐका.

माझ्या आईचा जांभळा लोकरी कार्डिगन होता. कोपरे विरले म्हणून तो उसवला, तेव्हा चार गुंडे निघाले. सह्याद्रीत साधारण सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी मी नुकतीच पाहून आले होते. ठरवलं, या लोकरीची कारवी फुलवायची. खाली हिरवी ॲक्रिलिक, वर आईची लोकर. जाकीट दिसायला सुरेख झालं. पण पहिल्याच धुण्यात गरम पाण्यात घालून चोळलं आणि जांभळा भाग आटून घोंगडीसारखा घट्ट झाला. हिरवा मात्र होता तेवढाच राहिला. आटलेली लोकर उसवताही येत नाही. आईच्या लोकरीचे दोन गुंडे कायमचे गेले.

असं का व्हावं? लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं यांनी ते एकमेकांत अडकून बसतात. ॲक्रिलिकला खवले नाहीत, म्हणून ती आटत नाही. तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, निसर्गाकडे नीट बघा. कारवीचा डोंगर लांबून जांभळा दिसतो. जवळ जाल तर खरखरीत हिरवी पानं, तपकिरी काठ्या आणि काळा कातळच जास्त. पानांसाठी बुक्ले घ्या, काठ्या आणि कातळासाठी घट्ट पिळाची साधी लोकर, फुलांसाठी मऊ लोकर किंवा मोहेर. वीस ओळींत बारा हिरव्या, सहा तपकिरी-काळ्या आणि दोनच जांभळ्या घाला. ओळी जोडीनेच विणा, म्हणजे धागा पुन्हा त्याच कडेला येतो. विणही साधी, सगळ्या ओळी सुलट. बुक्लेत नक्षी दिसतच नाही, मग मेहनत वाया कशाला घालवायची?

दुसरी, प्रत्येक लोकरीचा नमुना विणा. १० सेंटिमीटरमध्ये एकीचे २० टाके बसतात आणि दुसरीचे १६, असं समजा. मग तेच १०० टाके एकीकडे ५० सेंटिमीटर भरतील, दुसरीकडे साडेबासष्ट! कडा लाटेसारख्या वरखाली होतील. बारीक लोकरीचे दोन पदर एकत्र घ्या किंवा सुई बदलून बघा. सगळे नमुने सारख्या रुंदीचे झाल्याशिवाय जाकिटाचे टाके घालायचे नाहीत. मोहेर उसवताना फार गुंतते, तिचा नमुना जपून करा.

तिसरी, नमुने धुऊन वाळवा आणि मगच मोजा. पुढे जाकीटही त्यातल्या सर्वांत नाजूक लोकरीच्या बेतानेच धुवायचं. गार पाणी, सौम्य साबण. चोळणं नाही, पिळणं नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत सपाट पसरा. दोरीवर टाकलंत तर ओल्या वजनाने लांबेल.

उरलेल्या दोन गुंड्यांचं दुसरं जाकीट मी याच रीतीने विणलं. जांभळ्या ओळी थोड्या, पण त्याच आधी नजरेत भरतात. आता ते माझी लेक घालते. आईची मूठभर लोकर मात्र मी डब्यात जपून ठेवली आहे. कोपरे पुन्हा विरतीलच, तेव्हा रफू करायला तीच हवी. तुम्हीही थोडी बाजूला ठेवा बरं!