यादवी कोणाची, खाणी कोणाच्या?

जबलपूरच्या मदन महल टेकडीवर, ग्रॅनाइटच्या शिळांवर, गोंड राजवटीची गढी आजही उभी आहे. भारत आणि आफ्रिका ज्यात एकसंध होते, त्या प्राचीन खंडाला भूगर्भशास्त्राने याच गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवनभूमी हे नाव दिले. खंड दुभंगला, लुटीची रीत मात्र दोन्हीकडे एकच राहिली.

आफ्रिकेत रक्त सांडले की भांडवली वृत्तपत्रे ‘टोळ्यांचे हाडवैर’ हे ठरावीक कारण पुढे करतात. काँगोचा इतिहास काय सांगतो? 30 जून 1960 रोजी देश स्वतंत्र झाला आणि 11 जुलैला तांब्याने समृद्ध असा कटांगा प्रांत फुटून निघाला. फुटीर त्शोम्बे सरकारची तिजोरी युनियन मिनिएर ही खाणकंपनी भरत होती. पाठीशी बेल्जियन अधिकारी आणि भाडोत्री सैनिक होते. 17 जानेवारी 1961 रोजी पॅट्रिस लुमुंबा यांचा कटांगातच खून झाला. 5 डिसेंबरला तेथेच राष्ट्रसंघाच्या सेनेतील भारताचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. ही खाणकंपनी काय टोळ्यांनी काढली होती?

अंगोलातील यादवी 1975 पासून 2002 पर्यंत चालली. ‘युनिटा’ला शस्त्रे पुरवली ती अमेरिकेने आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने, पुढे बंदुकांची किंमत हिऱ्यांतून चुकती झाली. स्थानिक सरदार निर्दोष नव्हेत. परंतु चोरीचा माल घेणारी बाजारपेठ नसती, तर त्यांची लढाई किती दिवस टिकली असती? आज जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून निघते, आणि त्याच देशाच्या पूर्वेकडील गोमा शहर जानेवारी 2025 मध्ये बंडखोरांच्या हाती पडले.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात गोंड राजघराण्यातील शंकरशाह आणि रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत, 1896 साली, नागपूर-भंडारा-बालाघाटच्या मँगनीजवर ब्रिटिश कंपनीने हात घातला. खाणीत उतरला येथला श्रमिक. नफा गेला साता समुद्रापार. 1962 साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन होऊन या खाणींत सरकारचा बहुमताचा वाटा आला; परकीय कंपनीचा उरलेला 49 टक्के हिस्सा सुटण्यास 1977 साल उजाडावे लागले. आणि 2010 साली याच कंपनीचे भाग सरकारने शेअरबाजारात विक्रीस काढले!

जे परकीयांच्या हातून सोडवले, ते देशी मक्तेदारांच्या ओटीत घालण्यासाठी नव्हे. भूगर्भातील संपत्ती जनतेची राहिली तरच स्वातंत्र्याला अर्थ आहे, हा काँगोच्या रक्ताने लिहिलेला धडा खाणपट्ट्यातील प्रत्येक कामगारापर्यंत पोहोचवणे हे पक्ष सभासदांचे काम आहे.