कागद तेच, निकाल उलटा

'पुराव्याअभावी निर्दोष सुटका' अशी बातमी आली की आपल्या ग्रुपवर पहिला मेसेज काय पडतो? 'वकील तगडा असणार!' मीही हेच म्हणायचे. मग कॉलेजच्या असाइनमेंटसाठी एका खटल्याचा निकाल वाचायला घेतला आणि गप्पच झाले.

जून २००३. नाशिक परिसरात एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीच दिली. तीन कोर्टं, तिन्हीकडे दोषी. तुम्ही-मी शंका घेतली असती? मी तर नाहीच.

पुढे फेरविचार याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, पुन्हा सुनावणी केली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवलं.

सिनेमातल्यासारखा ऐनवेळी नवा साक्षीदार आला का? नाही. अपिलात सहसा कुणी नव्याने साक्ष देत नाही. खालच्या कोर्टातल्या साक्षी, उलटतपासण्या, पंचनामे पुन्हा वाचायचे आणि एवढ्यावर माणूस दोषी ठरतो का, ते बघायचं, बस्स. इथे काय निघालं? हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईंनी घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. ते चौघे भलतेच होते! त्यांचा तपासच झाला नाही. ही गोष्ट खटल्याच्या नोंदींत आधीपासून होती. म्हणजे २००९ मध्येही होतीच की.

म्हणून 'तांत्रिक मुद्द्यावर सुटले' म्हणताना आता माझी जीभ अडखळते. तांत्रिक काय त्यात? भलतीच माणसं फासावर जाणार होती. त्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ज्यांची माणसं गेली, त्यांना तरी काय मिळालं?

कोर्टाने चुकार पोलिसांवर कारवाई करायला सांगितलं, प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. जवळपास १६ वर्षांच्या तुरुंगवासाचे. मी मोबाइलवर हिशेब केला. महिन्याला २,६०० रुपये पडतात. माझं मेसचं बिल याहून जास्त येतं.