ओझरला एक यंत्र हवे, पण ते खरे हवे



हल्ली आवाजावरून वाद झाला की दोन मोबाइल बाहेर निघतात. एकाच्या ॲपवर 82 डेसिबल दिसतात, दुसऱ्याच्या 97. डीजे बाजूला राहतो आणि कोणाचा मोबाइल भारी यावर जुंपते. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की मोबाइल तो आपोआप दाबतो आणि हँडसेटगणिक हे दाबणे वेगळे असते. म्हणून आमचे सांगणे असे: मंडळे, सोसायट्या, शाळा आणि फॅब्रिकेशनवाले यांनी वर्गणी काढून गावासाठी एकच ध्वनिमापक घ्यावा. पाच स्वस्त यंत्रे नकोत.

ऑनलाइन दोन-तीन हजारांना मिळणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर ‘अचूकता 1.5 डेसिबल’ असे ठळक छापलेले असते. त्याला भुलू नका. आयईसी 61672 हे मानक आणि ‘क्लास 2’ लिहिले आहे का, ते पाहा. हेच मानक भारतात आयएस 15575 म्हणून स्वीकारले आहे. काही विक्रेते अजून ‘आयईसी 651, टाइप 2’ सांगतात. ते मानक 2002 मध्येच मागे पडले. क्लास 1 अधिक काटेकोर, पण बराच महाग. आपल्या कामाला क्लास 2 पुरे. प्रकरण कोर्टात जाण्यासारखे असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मोजून घेणेच शहाणपणाचे.

यंत्रात सरासरी काढण्याची सोय, म्हणजे एलईक्यू, हवीच. कायद्यातली मर्यादा क्षणिक आकड्याची नाही, ठरावीक वेळेच्या सरासरीची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि 55, औद्योगिक भागात 75 आणि 70. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. मर्यादेच्या वर 10 डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले असतील, तर तक्रार करता येते.

ही सरासरी ओझरमध्ये मात्र फसवी ठरू शकते. 1964 पासून इथे विमानांचा कारखाना आहे; 17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकच्या याच कारखान्यात बनलेल्या पहिल्या तेजस विमानाने इथल्याच धावपट्टीवरून उड्डाण केले. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि आवाजाची सवयही आहे. पण हिशेब करून बघा. अंगणात तासभर 50 डेसिबल आहेत आणि मध्येच अर्धा मिनिट सुखोई 95 डेसिबलने डोक्यावरून गेले, तर त्या अख्ख्या तासाची सरासरी जवळपास 74 येते. हा आकडा कोणी कोपऱ्यावरच्या मंडळाच्या माथी मारला तर तो निव्वळ अन्याय. म्हणून यंत्र दर सेकंदाची नोंद साठवणारे हवे, म्हणजे विमानाची किंवा महामार्गावरच्या कर्णकर्कश हॉर्नची वेळ वेगळी काढता येईल.

दुसरी गोष्ट बेसची. कायद्याचे आकडे ‘ए’ मोजणीतले आहेत आणि ही मोजणी 63 हर्ट्झचा घुमणारा आवाज सुमारे 26 डेसिबलने कमी धरते. खिडकीची काच थरथरते, म्हातारी माणसे छाती धरून बसतात, आणि आकडा मात्र तेवढा मोठा दिसत नाही. ‘सी’ मोजणीत हा आवाज जवळजवळ पूर्ण धरला जातो. दोन्ही मोजण्या असलेले यंत्र घ्या आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. फरक जितका मोठा तितका बेस जास्त, हे मंडळाच्या पोरांनाही लगेच पटते.

यंत्राबरोबर कॅलिब्रेटर घ्यायलाच हवा. पैसे वाचवायला लोक नेमका तोच गाळतात. तो 94 डेसिबलचा ठरलेला आवाज देतो. मोजणीआधी आणि नंतर त्यावर यंत्र तपासा. अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर ती मोजणी रद्द समजा. माइकवर स्पंजची टोपी हवी, नाहीतर वाराच मोजला जाईल. यंत्र तिवईवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, भिंतीपासून तीनेक मीटर लांब ठेवा. वर्षातून एकदा एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा दाखला घ्या.

सणासुदीलाच यंत्र बाहेर काढायचे, असा मात्र आमचा विचार नाही. खंडेराव महाराजांच्या यात्रेला वर्षातून एकदा गोंगाट होतो. ग्राइंडरवरचा कारागीर तो रोज ऐकतो. कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन तास अशी मर्यादा आहे आणि 115 च्या वर कानात काही न घालता थांबायचेच नाही. आवाजाने येणारा बहिरेपणा अधिसूचित रोगांच्या यादीत आहे. तो हळूहळू येतो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरजवळ तासन् तास ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तर असले नियम लागूच होत नाहीत. त्याच्या कानाशी यंत्र धरा, आकडा त्याला दाखवा आणि बागमालकाला कानाचे मफ आणायला सांगा. दिवसभर जागा बदलणाऱ्या कामगारासाठी खांद्यावर लावायचे डोसिमीटर लागते. ते पुढे बघू.

मुंबईत सुमैरा अब्दुलअली यांनी वर्षानुवर्षे हातात मीटर घेऊन सणांचे आवाज मोजले, म्हणून त्यांच्या आकड्यांची दखल घेतली गेली. आपल्याकडेही नोंदवहीत जागा, अंतर, वेळ आणि वारा लिहिलेला असला पाहिजे. तक्रार पोलिसांकडेच करायची. आपले यंत्र शिक्षा करायला नाही. निम्मी प्रकरणे मंडळाच्या अध्यक्षांना आकडा दाखवूनच मिटतील, असे आम्हाला वाटते.

यंत्र कोणत्याही मंडळाकडे किंवा पुढाऱ्याकडे राहू नये. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे ठेवावे. मागेल त्याला सही घेऊन द्यावे, आणि त्यात डीजेवालाही आला. मिरवणुकीआधी त्याने स्वतःच मोजून बघितले तर उत्तमच.

वर्गणी द्यायची असेल किंवा मोजणी शिकायची असेल त्यांनी आपल्या सोसायटीच्या चिटणिसांकडे वा मंडळाच्या अध्यक्षांकडे नाव द्यावे. दुकानदाराचे लेखी दरपत्रक, त्यात मानकाचा क्रमांक आणि कॅलिब्रेटरची वेगळी किंमत, हातात आल्याशिवाय एक रुपयाही गोळा केला जाणार नाही.

आपलेच,
ओझरमधील काही रहिवासी