वळ दिसले तरी, न दिसले तरी

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात ३ मार्च १९९१ च्या रात्री पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाची गाडी पाठलाग करून अडवली आणि त्याला रस्त्यावर पाडून दांडुक्यांनी झोडपलं. शेजारच्या घरातून एकानं त्याचा व्हिडिओ घेतला. साऱ्या जगानं तो टीव्हीवर पाहिला. चार पोलिसांवर खटला झाला, पण तो शहराबाहेर गोऱ्यांच्या वस्तीत नेला. निवाड्याला बसलेल्या बारा पंचांत एकही काळा नव्हता. २९ एप्रिल १९९२ ला निकाल लागला. चौघांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही. मग शहर पेटलं, पन्नासहून जास्त माणसं मेली.

आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. तर देसाईगंज आठवा. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात आपल्या एका आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. हायकोर्टानं पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. पोरीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती म्हणे!

तिथं वळ दिसले तरी पोलीस सुटले, इथं दिसले नाहीत म्हणून सुटले. म्हणजे प्रश्न वळांचा नाही, अंग कुणाचं आहे त्याचा आहे. आपल्याकडं रंग एकटा येत नाही. काळं अंग, अनवाणी पाय, आपली बोली, हे सगळं एकदम बघूनच साहेब ठरवतो की हा चोर. नाक्यावर मोळीवाली बाई अडवली जाते, लाकडाचा ट्रक सलाम घेऊन जातो.

पण देसाईगंजची गोष्ट तिथं संपली नाही. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या. म्हणून १९८३ साली कायदा बदलला. आता पोलिसाच्या ताब्यात असं घडलं आणि बाईनं कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तेच धरून चालायचं आहे.

म्हणून आम्ही सांगतो : चौकीवर कुणी एकटं जायचं नाही, चार माणसं बरोबर घ्या. का पकडलं ते विचारा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा म्हणा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. मारलं असेल तर मॅजिस्ट्रेटला तिथंच सांगा, वळ दाखवा. वकिलाला पैसे नसतील तर सरकारी वकील मागा, तो आपला हक्क आहे. आणि त्याच दिवशी संघटनेला कळवा.