पुड्यातील जिवाणूंची मोजदाद

रासायनिक खताचे पोते काट्यावर टाकले की माल पुरता आहे की नाही, हे कोणासही कळते. जिवाणू संवर्धनाच्या पुड्यास मात्र काट्याचा काही उपयोग नाही. त्यातील सर्वच्या सर्व जिवाणू मेले तरी पुडा २५० ग्रॅमच भरतो. शेतकऱ्यास विकला जातो तो जिवंत जीव. काळी भुकटी हे केवळ त्याचे वाहन होय. म्हणून या जीवांची मोजणी हा प्रयोगशाळेतील विद्वानांचा छंद नसून शेतकऱ्याच्या पदरच्या पैशाचा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

सन २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. रायझोबियमच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी व द्रवरूप संवर्धनात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे प्रमाण ठरले. आकडा अवाढव्य वाटतो खरा. परंतु हिशेब करून पाहावा. २५० ग्रॅमचा पुडा १० किलो सोयाबीनला चोळला, तर त्या बियाण्यात ८० हजार ते १ लाख दाणे असतात. पुड्यात १,२५० कोटी जिवाणू धरले, तरी दाण्याच्या वाट्यास सव्वा ते दीड लाखच येतात. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्यावर निदान १ लाख जिवाणू असावेत, असे जाणकार मानतात. त्यातून चोळताना, वाळताना व गरम मातीत पडल्यावर किती मरतात हे लक्षात घेतले, म्हणजे ५ कोटींतून एक शून्य गळाले तर काय होते ते निराळे सांगावयास नको.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अशी संवर्धने तयार होतात. तेथील असो वा अन्यत्रची, प्रयोगशाळेत मोजणीची रीत एकच. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेला व जिवंत जिवाणू सारखेच दिसतात. म्हणून त्यांना वाढवून मग मोजावे लागते. एक ग्रॅम भुकटी निर्जंतुक पाण्यात कालवून दर वेळी दहापट याप्रमाणे लाखपट विरळ करतात. त्यातील ०.१ मिलिलिटर पाणी खाद्ययुक्त अगरच्या काचबशीत पसरून ती २८ अंश उष्णतेत ठेवतात. प्रत्येक जिवंत जिवाणूपासून एकेक ठिपका, म्हणजे वसाहत, वाढते. बशीत ५० वसाहती आल्या की ५० गुणिले १० गुणिले १ लाख, म्हणजे ग्रॅमला बरोबर ५ कोटी.

रीत सोपी, पण चुकण्याच्या वाटा पुष्कळ. एकच नळी सर्व पाण्यांत बुडविली की आतला थेंब पुढे जातो व आकडा फुगतो. गुठळी फुटली नाही, तर शेकडो जिवाणूंची एकच वसाहत होते व आकडा घटतो. ३० ते ३०० वसाहतींची बशीच हिशेबात धरावी, असा संकेत आहे आणि तो सार्थ आहे. १०० वसाहतींत दहा इकडे-तिकडे होणे हा निव्वळ योगायोग. परंतु ९ वसाहतींत तीनांचा फरक पडतो, म्हणजे तिसरा हिस्साच. (यीस्टच्या पेशी मोजताना पडणाऱ्या या फरकाचे गणित १९०७ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेट यांनी मांडले. ते नोकरीस होते बिअरच्या कारखान्यात!) सबब एकाच बशीवर विसंबून दिलेला दाखला आम्ही दाखला मानीत नाही.

तथापि खरी गोम निराळीच आहे. कारखान्यात झालेली मोजणी ही त्या दिवसाची मोजणी. तेथून निघालेला पुडा वैशाखाच्या उन्हात मालमोटारीतून येतो व पत्र्याच्या दुकानात थप्पीस लागतो. तेथे रोज किती जीव मरतात, हे पुड्यावरील छाप सांगत नाही. तेव्हा मोजावयाचा तो दुकानातील पुडा. सोयाबीनच्या जिवाणूची वसाहत दिसण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात. मृगात नमुना घेऊन उत्तर येईतो पेरणी उरकलेली असते. खत निरीक्षकांनी नमुने मेच्या मध्यास घ्यावेत आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांना कोणत्या दुकानात पुडे उन्हाच्या झळीत पडले आहेत ते आधीच कळवावे. यास नवा कायदा नको, केवळ पंचांगाकडे लक्ष हवे.

शेतकरी बंधूंनाही एक मोजणी करता येते. पेरताना दोन तासे संवर्धन न चोळता पेरावीत. ती आधी पेरावीत, म्हणजे चोळलेल्या बियाण्याचा अंश पाभरीतून त्यांत जाणार नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोहींतील दहा-दहा झाडे मुळांची माती न झटकता खणून काढावीत, पाण्यात धुवावीत आणि मुळांवरील गाठी मोजाव्यात. काही गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी रंग असेल तर जिवाणू कामास लागलेले आहेत. पांढरी वा हिरवट गाठ मोजणीत धरू नये. हे आकडे व पुड्यावरील उत्पादन-तुकडीचा क्रमांक एकाच कागदावर लिहून कार्यकर्त्याच्या हाती द्यावा.